साहेबाचं बेंट आणि घाटावरची हरळी

मला पहिली नोकरी लागली ती गवत वाढवायची. असं सरळ सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता आणि आजूबाजूच्या गावांतली शिकलेली, न शिकलेली सगळी पोरं सायकली दामटत तिकडे जात होती. कोणी लेथवर लागलं, कोणी स्टोअरात, कोणी गेटवर. मी शेतकीचा पदवीधर. आमच्या घराण्यातला पहिला. पहिला मॅट्रिकही मीच. आणि मी लागलो गवतावर.

यंत्रांचे सुटे भाग करणारी ती कंपनी अर्धी विलायती होती. देखरेखीला काही गोरे इंजिनिअर आले होते. त्यांच्या बंगल्यांमागे, नदीकडे उतरत गेलेल्या मुरमाड माळावर, त्यांनी गोल्फचं लहानसं मैदान आखलं होतं. गोल्फ म्हणजे लांब काठीने पांढरी गोळी टोलवत न्यायची आणि दूरच्या एका भोकात घालायची. कमीत कमी टोल्यांत घालील तो जिंकला. त्या भोकाभोवतीची जागा सतरंजी अंथरल्यासारखी सपाट लागते, म्हणजे हळूच ढकललेली गोळी वाकडी जात नाही. त्या जागेला म्हणायचं ग्रीन. पण आमच्या मैदानावरची ग्रीन काळी होती. तिथे गवत टिकत नाही म्हणून चाळलेली रेती पसरायची, तिच्यावर जळकं तेल शिंपडायचं आणि रूळ फिरवायचा. खेळून आलेल्या साहेबांच्या बुटांना मोटार गॅरेजचा वास येई.

मोठा साहेब स्कॉटलंडकडचा. त्याच्या गावी समुद्राकाठी बेंट नावाचं गवत आपोआप उगवतं, केसासारखं बारीक, आणि त्यावर तो लहानपणापासून खेळलेला. त्याला ती तेलकट रेती सहन होत नव्हती. त्याने विलायतेहून बेंटच्या निरनिराळ्या जातींचं बी मागवलं आणि ते इथे लावून बघायला एक शेतकी शिकलेला माणूस हवा म्हणून सांगितलं. तो माणूस मी.

तो इंग्रजीत बोलायचा. मी इथे सगळं मराठीत लिहितो.

"बारा महिने टिकेल असं ग्रीन मला दाखव," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "दाखवलंस तर तुला कायम करतो. स्टाफमध्ये घेतो, माळ्यांत नाही. नाही जमलं तर रेती आहेच, आणि तू मोकळा."

मला हे बोलणं आवडलं. अट रोखठोक होती. स्टाफमध्ये म्हणजे महिन्याचा पगार, स्टाफच्या कँटीनमध्ये खुर्चीवर बसून जेवण, आणि गावात कोणी विचारलं तर सांगायला एक हुद्दा. तोवर मी हंगामी होतो. हजेरी माळ्यांच्या रांगेत लागायची आणि माझी पदवी ट्रंकेत होती.

नदीच्या बाजूला, चिंचवडच्या अंगाला, मला जमिनीचा तुकडा मिळाला. मुरूम उपसला, तळाला खडी, वर चाळलेली रेती नि कुजलेलं शेणखत घालून वाफे केले. कडेने बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बेंटचं बी खसखशीपेक्षा बारीक. नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जातं, म्हणून ते कोरड्या रेतीत कालवून दसऱ्यानंतर पेरलं. डब्यांवर विलायती नावं होती, ती माळ्यांच्या जिभेला झेपेनात. म्हणून वाफ्यांना आम्ही क, ख, ग अशी अक्षरं दिली आणि पत्र्याच्या पाट्या ठोकल्या.

तुलना करायची तर इथलंही काहीतरी शेजारी हवं, हे मला कॉलेजात शिकवलेलं. इथलं म्हणजे हरळी. ती कुठे नाही? मी ठिकठिकाणची हरळी गोळा करू लागलो. चाकणच्या बैलबाजारातली, खुरांखाली तुडवलेली. चिंचवड स्टेशनच्या फलाटाकडेची. घाटावर धुण्याच्या दगडांच्या फटीतली. आणि आमच्या कुरुळीच्या बांधावरची. प्रत्येक ठिकाणचा एकच धावता, म्हणजे भुईवर सरपटत जाणारा दांडा, काढायचा, त्याचेच तुकडे करून एक वाफा भरायचा. म्हणजे त्या वाफ्यातली काडी न् काडी एकाच रक्ताची. कुठला वाण कसा वागतो ते मग नीट कळतं.

कुरुळीला बांध उकरत होतो तेव्हा वडील आले.

"काय चाललंय?"

"हरळी नेतोय."

"टाकाया?"

"लावायला."

वडील बांधावरच खाली बसले. "आमी तिला खणून खणून कंबरंचं धनुष्य क्येलं, आन तू शिकूनसवरून ती लावनार?"

"कंपनीला पाहिजे."

"मग एवढुशी का न्हेतोस? गाडी जुंपून देतो, समदी ने. तुज्या कंपनीचं लई उपकार हुतील."

शेजारच्या शेतातले काका तिथूनच ओरडले, "आरं, कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?" मी ओल्या गोणपाटात हरळी गुंडाळली, सायकलला बांधली आणि निघालो. मला राग आला नव्हता असं नाही. पण हरळी शेतात शिरली की काय करते हे मी त्यांच्याइतकंच जाणत होतो. तिची पाळंमुळं कोपरभर खोल जातात आणि कुळवाच्या लोखंडी पासेला अडकून दुसऱ्या शेतात पोचतात. मला तोच हट्टीपणा पाहिजे होता, फक्त कारखान्याच्या कुंपणाच्या आत.

पौषात बेंट असं काही दिसू लागलं की मी स्वतः उकिडवा बसून बघत राहायचो. चाकण-कुरुळीच्या माणसाने गवताचा तसा रंग पाहिलेला नसतो. कापण्यासाठी कंपनीने बिडाचं मशीन मागवलं होतं. पुढे ढकललं की पाती दंडगोलासारखी फिरतात. ते सांभाळायला पिंपरीच्या रस्त्यावर पंप दुरुस्त करणारे एक चाचा यायचे. ते पात्यांना तेल नि कुरुंदाची खरखरीत पूड लावून धार काढत, मग कागदाचा कपटा पात्यात धरून बघत. कपटा सरळ कापला गेला तर मशीन चाललं.

"बी.एस्सी. भाऊ," चाचा म्हणायचे, "लोक लेकराला बी एवढं हळू न्हाव्याकडे नेत नाहीत. हररोज हजामत! आपण तर हप्त्याला एकदा करतो."

"साहेबाचं गवत आहे चाचा."

"हां, तर त्याला पावडर बी लावा."

एका सकाळी साहेब आला, बूट काढले आणि मोजे घालून त्या वाफ्यांवरून चालला. परत परत चालला. मग म्हणाला, "झालं. सगळ्या ग्रीनवर हेच टाकायचं. बी मागवतो."

मी म्हणालो, "अजून उन्हाळा जायचाय."

"पाणी दे."

"पाणी देईन. पण वर्षभर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"तुला कायम व्हायचं आहे ना?"

"व्हायचंय."

"मग? मी आज सही करतो."

मला ती सही हवी होती. पण त्याने बारा महिने म्हटलं होतं आणि मी अजून चारच पाहिले होते. मी म्हणालो, "आज सही केलीत आणि उन्हाळ्यात गवत गेलं, तर तुम्ही मला काढणार नाही कदाचित. पण मला काही विचारणारही नाही." त्याने बूट घातले आणि तो गेला. बी मागवायचं लांबलं.

चिंचवडच्या गावठाणात माझ्याबरोबर खोलीत स्टोअरमधला एक कारकून राहायचा, कोकणातला. त्याला हे सांगितलं तर तो स्टो पेटवायचा थांबला.

"मेल्या, साहेब स्वतःहून सही करतो म्हणाला नि तू नको म्हणालास?"

"नको नाही. थांबा म्हणालो."

"सही झाल्यावर गवत मेलं असतं तर मेलं असतं. गवताला का पेन्शन द्यायची होती?"

"मग मला कोण विचारणार?"

"कायम झाल्यावर कोणी विचारायला लागतंच कशाला!" तो म्हणाला आणि रॉकेलचा भडका उडाला. त्या महिन्यात तो मला कोणाशीही ओळख करून देताना 'आमचे हे सत्यवादी' असं म्हणायचा.

उन्हाळा आला. मी भाकीत केलं होतं की वैशाखात बेंट जळेल. जळलं नाही. दुपारी झारीने नुसता फवारा मारायचा, मुळाशी पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि टळटळीत उन्हात दोन-तीन तास वर गोणपाटाचा मांडव धरायचा. थोडं पिवळं पडलं, पण उभं राहिलं. साहेब रोज येऊन बघून जायचा. मग एके दिवशी बोलला, "तुझा उन्हाळा येऊन गेला की."

"गेला," मी म्हणालो. माझं चुकलं होतं आणि ते लपवण्यात अर्थ नव्हता.

त्याने बी मागवायची तार केली.

आषाढात, पाऊस चांगला लागून राहिला तेव्हा, एका सकाळी वाफ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. हात लावला तर विरघळून गेलं. दुपारी त्या जागी भाकरीएवढा करडा डाग होता. दुसऱ्या दिवशी भाकरीची परात झाली. बुरशी होती. मोरचूद नि चुना कालवून शिंपडला. आमच्याकडे द्राक्षबागवाले शिंपडतात तसा. डाग एका जागी थांबला तर दुसरीकडे उठला. रात्री उबारा, दिवसा ओल, आणि गवत एवढं दाट की आत वारा शिरायला जागा नाही. जे केसासारखं बारीक होतं म्हणून आम्ही भाळलो होतो ते ओल्या केसासारखंच चिकटून कुजत होतं. श्रावण अर्धा होईपर्यंत वाफ्यांत बुळबुळीत चिखल उरला आणि मधूनमधून एखादं हिरवं ठोंब.

साहेब म्हणाला, "मशीन न धुता वापरलं असेल. माळ्यांनी रोग एका वाफ्यातून दुसऱ्यात नेला."

"मशीन मी स्वतः धुतो."

"मग मोरचूद कमी पडला."

"मोरचूद पुरेसा होता. हवा वेगळी आहे."

"बी जहाजावर चढलंय," तो म्हणाला, जणू काही त्याने वादच मिटत होता.

जी ठोंबं जगली ती मी उपटून कुंड्यांत लावली. एवढ्या रोगात जी उभी राहिली त्यांच्यात काहीतरी असणार. त्यांचं बी धरलं, ते परत पेरलं, त्यातून पुन्हा जगलेली निवडली, असं पिढ्यापिढ्यांनी इथल्या हवेचं बेंट तयार होईल, हा माझा विचार. पुस्तकी होता, पण बरोबर होता. फक्त बेंट इथे तुऱ्यावर येईचना. त्याला म्हणे फुलायच्या आधी कडक थंडी लागते आणि मग लांबच लांब दिवस लागतात. आपल्याकडे थंडी म्हणजे गोधडीची, आणि दिवस कधीच तेवढा लांब होत नाही. बी नाही तर पिढी नाही. मग उरलं एवढंच, की जगलेल्या ठोंबांचे तुकडे करून वाढवायचे. ते मी केलं. एक वाफा भरला.

या सगळ्यात शेजारच्या हरळीच्या वाफ्यांकडे कोणी बघत नव्हतं. मीही नाही. पावसाने ती माजली होती आणि त्या महिन्यात मशीन बेंटवरच चालायचं.

त्या पावसाळ्यात अंगारकी आली. चिंचवडात अंगारकी म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पहाटेपासून देवळाकडे माणसांची रीघ, आणि प्रत्येकाच्या हातात दूर्वांची जुडी हवी. दूर्वा म्हणजे हरळीचेच शेंडे. तीन पानांचा कोवळा, सरळ शेंडा लागतो. एवढ्या लोकांना पुरतील एवढे शेंडे आणायचे कुठून? मी सकाळी गेलो तर वाफ्यांत बायका. पदर खोचून, ओळीने बसून, शेंडे खुडत होत्या. कुंपणाचं फाटक उघडं. राखणदार बाजूला हात जोडून उभा.

"ह्यांना आत कोणी सोडलं?"

"देवाचं काम हाय साहेब," राखणदार म्हणाला. "न्हाई कसं म्हनू? आंगारकीला?"

सगळ्यांत पुढे देवळाबाहेर हार-दूर्वा विकायला बसणाऱ्या मावशी होत्या. त्यांना मी ओळखत होतो, कारण माझी खोली त्यांच्या वाटेवर होती. मी म्हणालो, "मावशी, हे कंपनीचं आहे."

"दूर्वा कुनाच्या कंपनीच्या असत्यात व्हय?" त्यांनी मानही वर केली नाही. "तू चांगल्या वाढवल्यास, देव तुला भलं करंल."

"मी देवासाठी नाही वाढवल्या."

"मग साहेबासाठी? त्यो काय जुडी व्हातो?" बायका हसल्या.

मी चिडून वाफ्यांवरून फिरलो. बैलबाजारातल्या वाफ्यावर हात फिरला होता. स्टेशनच्या वाफ्यावर फिरला होता. आमच्या बांधावरच्या वाफ्यावर तर एक शेंडा ठेवला नव्हता. ती हरळी मुळातच उंच जाणारी. पण एक वाफा तसाच होता. घाटावरच्या दगडांतली. कोणी बोट लावलं नव्हतं.

"हा का सोडला मावशी?"

"त्यात काय घिऊ? भुईला चिकटलंय ते. शेंडा वर यील तवा खुडावं. नखात बी यीना."

मी तिथेच बसलो. हाताने दाबून पाहिलं. महिनाभर त्या वाफ्यावर मशीन फिरलं नव्हतं, पाऊस मनसोक्त पडला होता, खतही इतरांइतकंच, तरी त्याने मान वर काढली नव्हती. जे वाढायचं ते आडवं वाढलं होतं. पानं बारीक, गाठी जवळजवळ. वर्षानुवर्षं धुण्याचे पिळे, साबणाचं पाणी आणि भिजल्या पायांखाली राहून जे दगडाच्या फटीत टिकलं, ते असंच राहणार. बायकांना जे नको होतं तेच ग्रीनला हवं असतं. बायकांना मी सांगितलं, "घ्या, पाहिजे तेवढ्या घ्या." राखणदाराला वाटलं मला उपरती झाली.

त्यानंतर मी घाटावरच्या हरळीशिवाय दुसऱ्या कुठल्या हरळीला हात लावला नाही. तिच्यातूनही आणखी बारीक, आणखी चपटे धावते निवडले आणि वेगळे लावले. चाचांना सांगितलं, पातं बसेल तेवढं खाली बसवा.

"आणखी खाली? जमीन कापायची का राव?"

"जमीन लागली की थांबा."

एक सरळ फळी घेऊन सुताराकडून तिच्यात पन्हळ कोरून घेतली. फळी तिरपी धरायची, गोळी एकाच खुणेपासून सोडायची, आणि ती कुठवर जाते, कुठे वळते ते पाहायचं. तीच फळी चारी बाजूंनी लावायची, म्हणजे उतारामुळे फसवणूक होत नाही. माझ्या हाताच्या जोराचा त्यात काही संबंध उरत नाही, म्हणून साहेबालाही वाद घालायला जागा नाही, असं मला वाटलं.

साहेबाचं बी येऊन पोचलं ते मात्र थंडीत. मधल्या काळात मी दोन छोटी ग्रीन करून ठेवली होती, एकावर डब्यात उरलेल्या बियाचं नवं बेंट, दुसऱ्यावर घाटाची हरळी. आणि झालं काय, तर साहेब निवड करायला आला तो ऐन पौषात. थंडीत हरळी झोपते. माझं ग्रीन वाळल्या लिंबाच्या सालीसारखं फिक्कट पडलं होतं आणि शेजारी बेंट मागच्या वर्षीसारखं झळकत होतं. याहून वाईट मुहूर्त मला सापडला नसता.

"हे?" साहेब म्हणाला.

"रंग फाल्गुनात येईल. आधी गोळी सोडून बघा."

मी फळी लावली. खोटं कशाला सांगू, बेंटवर गोळी जास्त लांब गेली. हरळीवर थोडी अलीकडे थांबली, पण चारी बाजूंनी सरळ गेली, उसळली नाही. साहेबाने स्वतः खाली वाकून पाहिलं.

"बेंट जिंकलं," तो म्हणाला.

"आज जिंकलं. आषाढात परत खेळू."

"तू मला दर खेपेला पुढच्या ऋतूची भीती घालतोस."

"मागच्या आषाढात तुम्ही इथेच होता."

तो जरा तापला. म्हणाला, "मी सगळीकडे बेंट टाकलं तर तू काळजी घेशील का?"

"नोकरी आहे तोवर पोटच्या पोरासारखी घेईन. पण हे टिकेल असं माझ्या सहीने लिहून देणार नाही. लिहून द्यायचं तर त्या पिवळ्याचं देईन."

"त्या पिवळ्यावर नोकरी लावशील?"

"लावली."

त्याने काठीने बुटाची माती झाडली. मग ठरवलं. दोन ग्रीन मला, हरळीची. बाकी सगळी बेंटची. पावसाळ्याअखेर जी उभी राहतील ती राहतील. बेंट उभं राहिलं तर मी त्याच महिन्यात मोकळा. त्याने हे रागाने सांगितलं नाही, मीही रागाने ऐकलं नाही. खोलीवर सांगितलं तेव्हा कोकण्या म्हणाला, "आता तुझं नशीब गणपतीच्या हातात." मी म्हणालो, "बुरशीच्या." त्याने कानाला हात लावले.

हरळी मी फाल्गुनात लावली, ऊन चढू लागल्यावर. खुरपणीला येणाऱ्या बायका बोलावल्या होत्या. त्यांना तुकडे दिले तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "दादा, ही उपटायची का लावायची, येकदा नीट सांगा. मागनं आमाला बोलू नगा." लावताना त्यांचा हात चालेना. सवयच उलटी. शेवटी मी स्वतः मांडी घालून बसलो आणि पहिली ओळ लावली, मग हसत हसत त्यांनी बाकीची ओढली.

बेंटचीही मी हयगय केली नाही. त्या वर्षी ते जगलं असतं तर माझी नोकरी जाणार होती, तरी मशीन रोज धुतलं, मोरचूद वेळेवर मारला, सकाळी बांबूची काठी फिरवून पानांवरचं दव झाडलं. चाचा म्हणायचे, "राव, तुम्ही दुश्मनाला दूध पाजता." ते गवत माझं दुश्मन नव्हतं. त्याची हवा इथे नव्हती, एवढंच. मागच्या साली जगलेल्या ठोंबांचा माझा वाफा इतरांपेक्षा दोनेक आठवडे जास्त टिकला. त्याचा मला आनंदही झाला. पण दोन आठवड्यांनी पावसाळा संपत नाही.

आषाढ सरता सरता बेंटच्या ग्रीनभोवती दोऱ्या बांधून ती बंद करावी लागली. करडे डाग एकमेकांना मिळाले होते. साहेब दोरीच्या बाहेर उभा राहून बघायचा. घरी कोणी आजारी असल्यावर माणूस दारात उभा राहतो तसा.  

मग एका संध्याकाळी, बारीक भुरभूर चालू असताना, तो रबरी बूट घालून एकटाच आला आणि माझ्या एका ग्रीनवर उतरला. हरळी तेव्हा गर्द हिरवी होती, कापून कापून भुईसपाट. त्याने लांबून गोळी ढकलली. पानांवरच्या थेंबांतून तिची रेघ उठत गेली, एकदम सरळ, आणि गोळी भोकाशी जाऊन पडली. त्याने परत ढकलली. मग दुसऱ्या बाजूने. पाऊस वाढला तरी तो खेळत होता.

"कुठून आणलंस म्हणालास हे?"

"घाटावरून. धुण्याच्या दगडांच्या फटीतून."

"कुठला घाट?"

"चिंचवडचा. आपल्या बंगल्यांचा धोबी जातो तोच."

"म्हणजे माझ्या शर्टांनी हे तयार केलं," तो म्हणाला. त्याला मी हसताना फार कमी वेळा पाहिलं. मग दोऱ्या बांधलेल्या ग्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "ती सगळी उकर. क्लबघराच्या मागचं एक लहान ठेव, नळाजवळचं. थंडीत मी त्यावर खेळेन, पावसाळ्यात ते मेलं तर मरू दे. माझ्यापुरतं."

"ठेवतो. माझ्या ठोंबांचं लावतो त्यावर."

गोळी त्याने विजारीला पुसली, खिशात टाकली आणि चार पावलं जाऊन वळला. "उद्या ऑफिसात ये. स्टाफच्या पासासाठी फोटो काढतील. कोट घालून ये."

कोट माझ्याकडे नव्हता. कोकण्या स्वतःचा देतो म्हणाला, पण तो मला खांद्यात बसेना, आणि उसना कोट घालून फोटो काढायचं माझ्या मनालाही येईना. मी धुतलेला पांढरा सदरा घालून गेलो. फोटोवाला म्हणाला, "कोट?" मी म्हणालो, "असाच काढा." त्याने काढला. दुपारी स्टाफच्या कँटीनमध्ये जाऊन मी जेवलो. आमटी पातळ होती.